अंकपाश, ६१७४ आणि सुडोकू : अंककोड्यांचे पहिले पुस्तक कोणते?

रेणापूरच्या एखाद्या शाळेने ठरवले की यंदा पुस्तकपेटीत अंककोड्यांचे एक पुस्तक घ्यायचे, तर शिक्षकाला वीसेक किलोमीटरवरच्या लातूरला जावे लागते. लातूर हे परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेले गाव. तेथे अशा पुस्तकांची वाण नाही. एका फळीवर शिष्यवृत्ती आणि नवोदयची गाइडे, त्यांत बुद्धिमत्ता चाचणीचा जाडजूड भाग. दुसऱ्या फळीवर सुडोकूचे संग्रह, ‘सोपे’, ‘मध्यम’, ‘कठीण’ असे शिक्के मारलेले. पाने किती आणि किंमत किती हे पाहून पुस्तक घेतले जाते आणि वर्गातल्या दोन-चार हुशार मुलांच्या हाती पडते. ज्याचे पाढे पाठ, ज्याचा हिशेब चुकत नाही, त्यालाच कोडी जमणार असे आपण धरूनच चालतो.

हा समज बरोबर आहे का? हा प्रश्न आपल्या भागात नऊशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तरही तेव्हाच दिले गेले होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड, असे ते सांगतात. हे विज्जडविड म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटण्याचा परिसर की मराठवाड्यातले बीड, यावर विद्वानांचे एकमत नाही. रेणापूर तालुक्याची शीव बीड जिल्ह्याला लागून आहे, तेव्हा आपल्याला कोणता पक्ष आवडेल हे सांगायला नको! पण पाटण्याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण्याला मठ स्थापन झाला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या त्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या देवघेवीतून आणि तेलाच्या घाण्यांवरून मठाला काय मिळावे ते त्यात नेमून दिले आहे. गणित-ज्योतिषाच्या पाठ्यपुस्तकांसाठी व्यापारी आणि तेली यांच्याकडून गोळा होणारी ही शिक्षणपट्टीच म्हणायची.

‘लीलावती’ हे खऱ्या अर्थाने पहिले पुस्तक होते. नाणी, वजने, मापे यांच्या कोष्टकांनी त्याची सुरुवात होते. मग बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ असा प्रवास होतो. उदाहरणांत भुंगे येतात, कमळ येते, तुटलेला हार येतो, मोर आणि साप येतात. (लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि घटिकापात्रात अडकलेल्या मोत्यामुळे तिचे लग्न राहिले, ही प्रसिद्ध गोष्ट फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली. भास्कराचार्यांनी स्वतः ती कुठेही सांगितलेली नाही.)

आपल्या कामाचे प्रकरण अगदी शेवटी आहे. त्याचे नाव ‘अंकपाश’, म्हणजे अंकांचा फास. त्यात विचारले आहे की ३, ९ आणि ८ या अंकांची अदलाबदल करून किती संख्या होतील आणि त्यांची बेरीज किती? संख्या सहा होतात. त्या एकेक मांडून बेरीज करण्याची गरज नाही. प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी दोनदा येतो, म्हणून प्रत्येक स्थानाची बेरीज ४०, आणि एकूण ४० + ४०० + ४००० = ४४४०. मग हाच प्रश्न २ पासून ९ पर्यंतच्या आठ अंकांसाठी येतो. तेथे ४०,३२० संख्या होतात, आणि त्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. मांडत बसणाऱ्याचा जन्म जाईल, विचार करणाऱ्याला पाटीचा एक कोपरा पुरतो.

पुढचे कोडे तर आजच्या कोड्यांच्या फारच जवळचे आहे. पाच घरे आहेत, प्रत्येक घरात शून्याखेरीज एक अंक लिहायचा, सर्वांची बेरीज १३ आली पाहिजे, तर अशा संख्या किती? उत्तर आहे ४९५. वर्गात आपण हेच लहान करून विचारू शकतो. तीन घरे, बेरीज ५. तिसरीतले मूलही ११३, १३१, ३११, १२२, २१२, २२१ अशा सहा संख्या शोधून काढते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे : ‘सगळ्या सापडल्या हे कशावरून?’ या प्रश्नाशी मूल थांबले की अंकांचे तर्कशास्त्र सुरू झाले. हल्ली ‘काकुरो’ नावाने जी कोडी छापतात, त्यांतही घरांची संख्या आणि बेरीज दिलेली असते. एका पट्टीत अंक पुन्हा येऊ द्यायचा नाही, एवढीच अट जास्त. दोन घरांची बेरीज १७ असेल तर ८ आणि ९ शिवाय पर्याय नाही, आणि तेथूनच काकुरो सुटू लागते.

प्रकरण संपवताना भास्कराचार्यांनी एक टोला मारला आहे. त्याचा आशय असा की येथे गुणाकार-भागाकार, वर्ग-घन यांपैकी काहीच विचारलेले नाही, तरीही गणिताचा ताठा मिरवणारे विद्यार्थी येथे हमखास आपटतात. सूत्राने उत्तर काढायचे तर गुणाकार लागतो हे खरे, पण कोड्याचे मर्म गुणाकारात नाही. अंक येथे मोजण्यासाठी नसतात, तर सोंगट्यांसारखे जागा भरण्यासाठी असतात. हिशेबात तरबेज असणे आणि असे कोडे सोडवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ११५० साली एका शिक्षकाने लिहून ठेवले आहे. मग उलट बाजूही खरी असली पाहिजे. ज्याचे पाढे कच्चे आहेत, त्या मुलाला अंकपाशातून सुटणे जमू शकते. कोड्यांचे पुस्तक त्याच्या हाती आपण कधी देतो का?

पुढे नारायण पंडिताने १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’त अंकपाशाचा विस्तार केला आणि भद्रगणित, म्हणजे जादूचे चौरस, असे वेगळे प्रकरण लिहिले. तेही ग्रंथाच्या शेवटी. कच्च्या गणितींचा अहंकार उतरवणे आणि चांगल्या गणितींना आनंद देणे, असा त्यामागचा हेतू त्याने सांगितला आहे. नवशिक्यासाठी पुस्तक लिहिण्याचा हा हेतू नव्हे, हे उघड आहे. नवशिक्याच्या दृष्टीने मला कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचे काम अधिक मोलाचे वाटते. १५४५ मध्ये त्याने ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. उत्तर किती, एवढ्यावर न थांबता ते तसेच का, हे सांगितले. आजच्या भाषेत त्याला शिक्षक-हस्तपुस्तिका म्हणायला हरकत नाही.

गावच्या पंतोजींच्या शाळेत यांतले फारसे काही पोचले नाही. तेथे पोचली ती कोष्टके. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही परवचा संध्याकाळी एका सुरात म्हटली जाई. बाजाराला ती पुरेशी होती, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ज्याला प्रश्न नाही, फक्त उत्तर आहे, असे ते गणित होते. १ ते ९ अंक तीन-तीनच्या चौरसात असे भरायचे की उभी, आडवी, तिरपी बेरीज १५ यावी, हा चौरस ‘पंधरा यंत्र’ म्हणून ताइतात जाऊन बसला. खरे म्हणजे त्यात एक सुरेख तर्क आहे. मधल्या घरातून जाणाऱ्या चार रांगांची बेरीज ६०. त्यांत नऊही घरे एकदा येतात, म्हणजे ४५, आणि मधले घर आणखी तीनदा मोजले जाते. म्हणून मधल्या घराची तिप्पट १५, आणि मध्ये ५ आलाच पाहिजे. ताईत उघडून हे कोणी मुलांना दाखवले नाही.

आज परवचेची जागा काही प्रमाणात संख्यामालिकांनी घेतली आहे. ‘१, २, ४, ८, १६, पुढची संख्या कोणती?’ गाइडात उत्तर ३२ असते. आता एक वर्तुळ काढा. त्याच्या परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंना सरळ रेषेने जोडा, मात्र तीन रेषा एका ठिकाणी छेदू देऊ नका. एका बिंदूला वर्तुळाचा एकच भाग, दोन बिंदूंना दोन, मग चार, आठ, सोळा. आणि सहा बिंदूंना एकतीस! म्हणजे ३१ हेही तितकेच सयुक्तिक उत्तर आहे. मालिकेच्या प्रश्नात नियम सांगितलेला नसतो. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होते, हे मुलाला ओळखायचे असते. परीक्षेसाठी तो सराव लागतो, तर तो करावा. परंतु त्याला तर्काचे पहिले पुस्तक समजणे ही गफलत आहे. तर्काच्या कोड्यात नियम आधी सांगितलेले असतात, आणि आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे मूल मागची पाने न उलटता स्वतःच ताडून पाहू शकते.

या बाबतीत एका मराठी शाळामास्तराची आठवण करणे भाग आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत नोकरी धरली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते शिक्षकच राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. अंकांशी खेळण्याचा छंद मात्र त्यांनी कधी सोडला नाही. आपल्या पुस्तिका ते पदरमोड करून छापत. अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांचा ६१७४ हा अंक आता सर्वांच्या परिचयाचा आहे. १९४६ मध्ये त्यांना तो सापडला आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले की झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. ९८२१ – १२८९ = ८५३२; ८५३२ – २३५८ = ६१७४. दोन पायऱ्यांत पोचलो. ‘लीलावती’चे साल ११५० घेतले तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असे वळसे घेत सहाव्या पायरीला ६१७४ येते. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

वर्गात हे करून दाखवले की मुले टाळ्या वाजवतात, आणि बहुतेक ठिकाणी प्रकरण तेथेच संपते. ते संपू नये. चारऐवजी तीन अंक घ्या. तीन अंकी संख्येत या वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येते : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ किंवा ८९१. म्हणजे तपासायच्या नऊच संख्या. ०९९ वरून ८९१, तेथून ७९२, मग ६९३, ५९४, आणि शेवटी ४९५. आणि ४९५ वरून पुन्हा ४९५. १९८ वरून ७९२ येते, २९७ वरून ६९३, ३९६ वरून ५९४. फळ्याच्या एका बाजूला बाण काढून हा सगळा नकाशा मावतो, आणि सहावी-सातवीच्या मुलांच्या हातून एक संपूर्ण सिद्धता तयार होते. (भास्कराचार्यांच्या कोड्याचे उत्तरही ४९५ च होते, हा निव्वळ योगायोग. पण मुलांना तो फार आवडतो.) जे पुस्तक ६१७४ ची जादू दाखवून पुढच्या जादूकडे वळते आणि जे पुस्तक तीन अंकांपाशी थांबून ‘का?’ असे विचारते, त्यांत दुसरे घ्यावे.

आता सुडोकूकडे. त्याचे नाव जपानी असले तरी ते जन्माने जपानी नाही. १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ऑयलर या स्विस गणितज्ञाने अशा चौकटींचा अभ्यास केला, की ज्यांत प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येते. यांना लॅटिन चौरस म्हणतात. शेतीच्या प्रयोगांत त्यांचा मोठा उपयोग झाला. तुरीच्या चार वाणांची तुलना करायची तर शेताचे सोळा वाफे पाडून प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि स्तंभात एकदाच लावावा, म्हणजे एका कडेला जमीन कसदार असली तरी एकाच वाणाला त्याचा फायदा मिळत नाही. अशा दोन चौरसांना विशिष्ट रीतीने एकमेकांवर बसवण्याविषयी ऑयलरने एक अंदाज केला होता. ६, १०, १४ अशा आकारांत ते अशक्य आहे, असे त्याचे मत होते. सहाच्या बाबतीत तो बरोबर ठरला. बाकीच्यांच्या बाबतीत तो चुकला होता हे १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी सिद्ध केले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. यांतले श्रीखंडे सागरला जन्मलेले, नागपूरला शिकलेले. पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते वारले. घरोघर सुडोकू सोडवणाऱ्या मराठी माणसांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

लॅटिन चौरसात लहान चौकोनांची अट घालून त्याचे कोडे केले ते अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाने, १९७९ मध्ये. १९८४ मध्ये जपानच्या ‘निकोली’ने ते उचलले आणि त्याला आजचे नाव मिळाले. वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशाने अशी कोडी तयार करणारा संगणक-कार्यक्रम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ती छापायला सुरुवात केली. वर्षभरात आपल्या वर्तमानपत्रांतही ती आली, आणि पाठोपाठ पुस्तकांचा पूर आला.

या पुरात एक गोष्ट हरवली. निकोलीची कोडी माणसे हाताने रचत. कुठून सुरुवात व्हावी, कुठे अडावे, याचा विचार रचणाऱ्याने केलेला असे. संगणक दिवसाला हजारो कोडी तयार करतो, आणि पुष्कळ संग्रहांत ‘सोपे’ याचा अर्थ ‘जास्त अंक दिलेले’ एवढाच असतो. पण अंकांची संख्या हे सोपेपणाचे माप नव्हे. सतरापेक्षा कमी अंक देऊन एकच उत्तर असलेले सुडोकू रचता येत नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकाच्या मदतीने दाखवले. मात्र सतरा अंकांचे एखादे कोडे सरळ सुटते आणि पंचवीस अंकांचे एखादे घाम काढते. तेव्हा शिक्क्यावर विश्वास ठेवू नये. दुकानात उभ्या उभ्या पहिली दोन कोडी स्वतः सोडवून पाहावीत. एकदाही ‘इथे ३ धरून बघू’ असे करावे लागले, तर ते पुस्तक नवशिक्यासाठी नाही. नऊ-नऊच्या आधी चार-चारची आणि सहा-सहाची कोडी आहेत का, आणि निदान काही कोड्यांची उकल पायरीपायरीने सांगितली आहे का, हेही पाहावे. केवळ भरलेल्या चौकटी शेवटी छापल्या असतील, तर त्यांचा शिकण्याला उपयोग नाही.

सुडोकूबाहेरही चांगली पुस्तके आहेत. याकोव्ह पेरेलमान यांची पुस्तके मॉस्कोहून येत तेव्हा अगदी स्वस्त मिळत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तो ओघ आटला. जुन्या ग्रंथालयांत त्या प्रती अजून सापडतात, आणि त्या मिळाल्या तर सोडू नयेत. शकुंतलादेवींचे १९७६ चे इंग्रजी पुस्तक लोकप्रिय आहे, पण त्यात हिशेबाचा भाग बराच. ते वरच्या वर्गांना बरे. मराठीत मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ वर्गात मोठ्याने वाचायला छान आहे, आणि अंकपाश मुळातून पाहायचा तर ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ (१९७१) शिक्षकाने स्वतःसाठी घ्यावे. एकच पुस्तक घेण्याइतके पैसे असतील तर माझा कौल लहान चौकटींच्या पातळ पुस्तकाला आहे. चाळीस मुलांत एक प्रत असते, तेव्हा पुस्तकात लिहायचे नाही असा नियम करावा लागतो. चार-चारची चौकट पाटीवर, फरशीवर, अंगणात खडूने आखता येते, आणि अंकांऐवजी चिंचोके, गारगोट्या, तुरीचे दाणे आणि काड्याही चालतात. नऊ-नऊची चौकट आखण्यातच तास संपतो.

छापलेले कोडे निर्दोष आहे की नाही, याची एक झटपट कसोटी आहे. पुढील चौकटीत चार ओळी, चार स्तंभ आणि दोन-दोनचे चार चौकोन आहेत. प्रत्येकात १, २, ३, ४ हे अंक एकेकदाच यायला हवेत.

१ – – ४
– ४ – –
– – ४ –
४ – – १

सोळापैकी सहा घरे भरलेली आहेत, म्हणजे कोडे सोपे दिसते. पण दिलेल्या अंकांत २ नाही आणि ३ ही नाही. त्यामुळे जे उत्तर येईल, त्यात सगळीकडे २ च्या जागी ३ आणि ३ च्या जागी २ लिहिले तरी ते बरोबरच राहील. म्हणजे उत्तरे दोन. चार-चारच्या कोड्यात निदान तीन वेगवेगळे अंक दिलेले असलेच पाहिजेत, आणि नऊ-नऊच्या कोड्यात निदान आठ. एवढे मोजायला दुकानात अर्धे मिनिट पुरते.

हे सदोष कोडेच वर्गात द्यावे. दोन मुले दोन वेगळी उत्तरे आणतील, दोन्ही ताडून बरोबर निघतील, आणि भांडण होईल. मग विचारावे की एकच अंक आणखी भरून हे भांडण मिटवता येईल का? पहिल्या ओळीच्या दुसऱ्या घरात २ लिहिला की बाकीचे सारे ठरून जाते. एकूण दहा घरे रिकामी आहेत. त्यांतल्या आठ घरांपैकी कोणत्याही एका घरातला अंक सांगितला तर भांडण मिटते. उरलेली दोन घरे मात्र अशी आहेत की त्यांतला अंक सांगून काहीच फरक पडत नाही. ती दोन कोणती आणि का, हे मुलांना शोधू द्यावे.